खुंट निर्मूलन

झाड तोडल्यानंतर जमिनीत मुळांसह उरलेला खोडाचा भाग (खुंट) काढून टाकणे, जागीच नष्ट करणे किंवा त्याची पुन्हा फुटण्याची क्षमता नाहीशी करणे, यांस खुंट निर्मूलन म्हणतात. शेतजमीन तयार करणे, फळबागेची पुनर्लागवड, रस्ते व इमारती बांधणे इत्यादींसाठी ते करावे लागते. खुंट मारणे व खुंट काढणे या भिन्न क्रिया होत. त्यांपैकी कोणती आवश्यक, हे झाडाची जाती, जमिनीचा पुढील उपयोग व मुळांतील रोग यांवर अवलंबून असते.

पुनर्वाढ : साग, निलगिरी इ. वृक्षांच्या खुंटांवरील सुप्त कळ्यांपासून जोमदार धुमारे फुटतात. वनव्यवसायात या गुणाचा उपयोग करून त्याच खुंटापासून पुन्हा लाकूड मिळवितात. बहुतेक पाइन वृक्षांचे खुंट मात्र फुटत नाहीत. वेड्या बाभळीच्या सुप्त कळ्या खोडाच्या जमिनीखालील भागावरही असतात. त्यामुळे ती जमिनीलगत तोडल्यास अनेक फांद्यांनी वाढते; तो भाग उघडा करून त्याच्याखाली मूळ तोडल्यास मरते.

यांत्रिक पद्धती : खुंटाभोवती चर खणून बाजूची मुळे कुऱ्हाडीने तोडतात व पहारीने खुंट उचकटतात. तो ओढून काढावयाचा असल्यास झाड तोडतानाच खोड सु. १ मी. उंच राखतात, म्हणजे त्याचा तरफेसारखा उपयोग होतो. मोठ्या खुंटांसाठी साखळी व कप्पी, ट्रॅक्टर किंवा बुलडोझर वापरतात. ओलसर जमिनीतून मुळे सहज सुटतात. परंतु जड यंत्रांखाली ओली माती दाबली जाऊन तिचा पोत बिघडतो. दातेरी चक्राच्या यंत्राने खुंटाचा जमिनीखाली सु. १५ ते ३० सेंमी. खोलीपर्यंत भुगा करता येतो; त्याखालील मुळे तशीच राहतात. हा भुगा मातीत मिसळल्यास तो कुजविणारे सूक्ष्मजीव मातीतील नायट्रोजन वापरतात व नव्या पिकाला तो काही काळ कमी पडतो.

जाळणे व कुजविणे : खुंटाला भोके पाडून त्यांत सोरा भरल्यास तो तापल्यावर ऑक्सिजन देतो व ज्वलनास मदत होते. आग मुळांवाटे दूरवर धुमसत जाऊ शकत असल्याने इमारतींजवळ व पीटयुक्त जमिनीत ही पद्धत धोक्याची असते. लाकूड कुजविण्याचे काम मुख्यतः कवके करतात. त्यांना ओलावा व हवा दोन्ही लागतात. ही क्रिया बहुधा अनेक वर्षे चालते.

रासायनिक पद्धती : ग्लायफोसेट किंवा ट्रायक्लोपिर यांसारखे तणनाशक ताज्या छेदावर, विशेषतः सालीलगतच्या जिवंत वलयावर, तोडल्याबरोबर लावतात. त्यामुळे खुंट मरतो. पण लाकूड नाहीसे होत नाही. शेजारच्या सजातीय झाडांशी मुळे जुळलेली असल्यास त्यांनाही इजा पोहोचते.

ऐतिहासिक : पहिल्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेली स्फोटके अमेरिकेच्या कृषी खात्याने १९२० नंतरच्या दशकात खुंट उडविण्यासाठी शेतकऱ्यांना पुरविली. दक्षिण ऑस्ट्रेलियात रिचर्ड बोयर स्मिथ यांनी १८७६ मध्ये खुंट न काढताच नांगरता येईल असा नांगर तयार केला. त्याचा बिजागरीवर बसविलेला फाळ खुंटाला अडताच वर उचलला जाई व पुढे पुन्हा जमिनीत शिरे.

रोगप्रसार : मुळांच्या काही रोगांची कवके मृत खुंटांत दीर्घकाळ जगतात व तेथून नव्या लागवडीच्या मुळांत शिरतात. पूर्व आफ्रिकेतील चहाच्या मळ्यांत आर्मिलॅरिया या कवकाचा उपद्रव टाळण्यासाठी झाडे तोडण्यापूर्वी त्यांची साल वलयाकार काढण्याची पद्धत रूढ झाली. तीमुळे मुळांतील स्टार्चाचा साठा संपतो व कवकाला अन्न कमी मिळते. ब्रिटनमध्ये जॉन रिशबेथ यांनी पाइनच्या ताज्या खुंटांवर फ्लेबिऑप्सिस जायगँटिया हे निरुपद्रवी कवक लावून रोगकारक कवकाला अटकाव करण्याचा मार्ग दाखविला.

रोगग्रस्त खुंट मुळांसह काढणे इष्ट असते. डोंगरउतारावर मात्र निरोगी खुंट काढल्याने मातीची धूप वाढते. म्हणून तेथे ते मारून किंवा फुटू देऊन जागीच ठेवणे अधिक हितावह ठरते.