‘बहुसंख्य कामगारांना समजणारी भाषा’ : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात वैधानिक सूचनाफलकांचा विचार

१९४८ च्या कारखाने अधिनियमातील १०८ व्या कलमाने कारखान्याच्या दारावर एक मजकूर टांगण्याचे बंधन घातले होते. अधिनियमाचा व त्याखालील नियमांचा गोषवारा, निरीक्षकाच्या नावपत्त्यासह, मुख्य प्रवेशद्वारापाशी ठळक व सोयीच्या जागी लावावा. तो इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असावा. आणि तो स्वच्छ व वाचता येईल अशा स्थितीत राखावा, असा त्या कलमाचा आशय होता. जागा, भाषा आणि सुवाच्यता या तीन अटींपैकी पहिली आणि तिसरी निरीक्षकास डोळ्यांनी तपासता येत असे. दुसरी अट मात्र भाषाशास्त्राच्या प्रांतातील आहे, आणि तिची तपासणी कशी करावी हे कलमाने सांगितले नव्हते.

हा प्रश्न आज पुन्हा उपस्थित होण्याचे कारण असे की, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता अमलात आल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत विलीन झाले. कारखाने अधिनियम, वेतन प्रदान अधिनियम, किमान वेतन अधिनियम, प्रसूती लाभ अधिनियम, उपदान अधिनियम ही ज्या नावांनी फलकांची शीर्षके सजली होती ती नावेच इतिहासजमा झाली. जुन्या कायद्यांखालील नियम व अधिसूचना संहितांशी विसंगत नसतील तितपत काही काळ चालू राहतात, त्यामुळे जुना फलक सरसकट उतरवून ठेवता येत नाही, आणि आहे तसा ठेवताही येत नाही. तो पुन्हा लिहावाच लागतो. अशा वेळी तो कोणत्या मराठीत लिहावा, हा विचार करण्याची संधी सहसा मिळत नाही ती मिळाली आहे.

प्रथम जुन्या कायद्यांची शब्दयोजना पाहणे उपयुक्त ठरेल, कारण तीत एक सूक्ष्म भेद दडलेला आहे. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने ‘बहुसंख्य कामगारांची भाषा’ मागितली होती. १९४६ चा औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम आणि १९४८ चा कारखाने अधिनियम यांनी ‘बहुसंख्य कामगारांना समजणारी भाषा’ मागितली. १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमाने कामगारांचा उल्लेखच टाळून ‘त्या स्थळाची भाषा किंवा भाषा’ असे म्हटले. पहिली कसोटी मातृभाषेची, दुसरी आकलनाची, तिसरी भूगोलाची. तिन्ही एकच आहेत असे समजून एकाच छापील मराठी तक्त्यावर सर्वांची बोळवण करण्याची प्रथा पडली. परंतु त्या एक नाहीत.

परभणीसारख्या जिल्ह्यात हा फरक लगेच प्रत्ययास येतो. मानवत, सेलू, परभणी येथील कापसाच्या बाजारपेठांभोवती सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. त्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी ओसरतो. समजा, अशा एका कारखान्यात चाळीस माणसे कामास आहेत. पैकी अठरांची मातृभाषा मराठी, बारांची हिंदी, सहा तांड्यावरून आलेली गोरमाटी बोलणारी, आणि चौघे घरी दखनी बोलणारे. १९३६ च्या कसोटीने येथे ‘बहुसंख्यांची भाषा’ अस्तित्वातच नाही. १९४८ च्या कसोटीने मात्र मराठी चालते आणि कदाचित हिंदीही चालते. शिवाय गणना करणारा कोणत्या नोंदीवर विसंबेल? जनगणनेत लमाणी-लंबाडी ही हिंदीच्या गटात मोजली जाते, म्हणून कागदावरचे बारा आणि सहा मिळून अठरा होतात, आणि मराठीशी त्यांची बरोबरी होते. फलकाच्या भाषेचा निर्णय असा वर्गीकरणाच्या टिपेवर लोंबकळत राहतो.

यापेक्षाही मूलभूत अडचण ‘मराठी’ या शब्दाची आहे. कोणती मराठी? परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यानंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामी दरबाराने फारसीच्या जागी उर्दू आणली होती. कचेरीचा व्यवहार त्या भाषेत चाले. कामाच्या जगातले मराठी शब्द मात्र त्याहून कितीतरी जुन्या संपर्काचे आहेत: कारखाना, मजूर, मुकादम, हजेरी, रजा हे सर्व फारसी-अरबी मुळांचे, आणि पगार पोर्तुगीज. ज्याला कायद्याने दारावर लावायला सांगितले तो ‘गोषवारा’ हा शब्ददेखील फारसीतून आला. हे शब्द आजही कापसाच्या ढिगाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी आहेत.

फलकावरची मराठी वेगळ्या मुशीतून आली. राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय योजण्याची परंपरा शिवकालीन राज्यव्यवहारकोशापर्यंत मागे जाते. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय निघाले, १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीस शासनव्यवहाराचे स्थान दिले, आणि कायद्यांच्या अधिकृत मराठी पाठांसाठी परिभाषा सिद्ध झाली. हे काम मोठे होते व आवश्यकही होते; त्याची थट्टा करणे सोपे आहे, पण न्यायालयात टिकेल अशी एकार्थी संज्ञा घडविणे सोपे नाही. अडचण अशी झाली की न्यायालयासाठी घडविलेली संज्ञा जशीच्या तशी दारावर टांगली गेली. ग्रॅच्युइटीला ‘उपदान’, ओव्हरटाइमला ‘अतिकालिक काम’. तीस वर्षे नोकरी करून निवृत्त होणारा कामगार ‘माझी ग्रॅच्युइटी किती?’ असे विचारतो. उपदान मागायला तो येणार नाही, कारण ते आपलेच आहे हे त्याला ठाऊक नसते.

याहून बोधप्रद उदाहरण ‘भोगवटादार’ या शब्दाचे आहे. कारखान्याच्या कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण असते त्यास कायद्याच्या मराठीत भोगवटादार म्हणतात, आणि संहितेतही ती संकल्पना कायम आहे. हा शब्द अनोळखी नाही. उलट तो अति-ओळखीचा आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर तो प्रत्येक शेतकऱ्याने वाचलेला असतो, आणि तेथे त्याचा अर्थ जमीन धारण करणारा असा आहे. खरीप आटोपून हंगामापुरता कारखान्यात आलेला अल्पभूधारक फलकावर ‘भोगवटादाराने पाण्याची सोय करावी’ असे वाचतो तेव्हा त्याच्या मनात जमिनीचा धनी उभा राहतो. अपरिचित शब्दामुळे वाचक थांबतो आणि निदान कोणास तरी विचारतो. परिचित शब्द भलत्याच अर्थाने पुढे रेटून नेतो. पारिभाषिक संज्ञेच्या दुर्बोधतेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, या दुसऱ्या धोक्याविषयी फारसे नाही.

वाक्यरचनेचाही येथे विचार केला पाहिजे. नमुन्यादाखल फलकी मराठीच्या धर्तीवर एक वाक्य रचू: ‘ज्या कामगाराने विहित तासांपेक्षा अधिक काळ काम केले असेल अशा प्रत्येक प्रकरणी त्यास सर्वसाधारण वेतनदराच्या दुप्पट दराने अतिकालिक वेतन देय होईल.’ यातील माहिती अचूक आहे; दुपटीचा नियम जुन्या अधिनियमात होता, नव्या संहितेतही आहे. पण ‘देय होईल’ या क्रियापदास कर्ता नाही. कोणी द्यायचे? वाक्य सांगत नाही. ‘ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम केले, तर जास्तीच्या तासांचा पगार मालकाने दुप्पट द्यावा’ या वाक्यात शब्द कमी आहेत, पण मालक आहे. बंधन ज्याच्यावर आहे त्याला वाक्यातून वगळणे ही केवळ शैलीची बाब नव्हे.

आता फलक अद्ययावत राखण्याकडे वळू. बदल तीन प्रकारांनी होतात. पहिला आकड्यांचा. महाराष्ट्रात किमान वेतनातील विशेष भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकानुसार दर सहा महिन्यांनी, १ जानेवारी व १ जुलै रोजी, बदलतो. म्हणजे दरांचा तक्ता वर्षातून दोनदा बदलला नाही तर तो असत्य होतो. प्रसूती रजेचे १२ आठवडे १ एप्रिल २०१७ पासून २६ झाले. उपदानाची कमाल मर्यादा मार्च २०१८ मध्ये १० लाखांवरून २० लाखांवर गेली. हे बदल निदान डोळ्यांना दिसतात.

दुसरा प्रकार नावांचा. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा कामगार कायद्यातील एक अक्षरही बदलले नव्हते. तरी हिंगोली, वसमत, कळमनुरी येथील ज्या फलकांच्या पत्त्यांत ‘जिल्हा परभणी’ असे होते ते त्या सकाळी जुने झाले. परभणी शहर २०११ मध्ये महानगरपालिका झाले. किमान वेतनाच्या अनेक अधिसूचनांत परिमंडळे नगरपालिकेच्या दर्जावरून ठरत असल्याने अशा वेळी लागू दर कोणता हे नव्याने पाहावे लागते.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा, कारण त्यात शब्द तोच राहून अर्थ बदलतो. ‘वेतन’ हा शब्द जुन्या फलकावर होता आणि नव्यावरही असेल. परंतु वेतन संहितेच्या व्याख्येप्रमाणे घरभाडे भत्ता वगैरे वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर वरचा भाग वेतनातच धरावयाचा आहे. म्हणजे त्याच शब्दाखाली आता मोठी रक्कम येऊ शकते, आणि वेतनावर मोजली जाणारी ग्रॅच्युइटीही. ‘कारखाना’ या शब्दाचेही तसेच. १९४८ च्या अधिनियमाच्या मूळ व्याख्येत यंत्रशक्तीवर चालणाऱ्या ठिकाणी दहा आणि अन्यथा वीस कामगारांची अट होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती वीस आणि चाळीस आहे. ग्रॅच्युइटीसाठी ‘पाच वर्षे सलग सेवा’ हे वाक्य अजून खरे आहे, पण अपुरे. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरील कामगारास ती पाच वर्षे भरण्याची अट आता नाही. अर्धे खरे वाक्य वाचून जो परत फिरतो त्याचे नुकसान पूर्ण होते.

गठाणी बांधण्याच्या कारखान्यांपुरते एक उदाहरण विशेष आहे. जुन्या अधिनियमाच्या २७ व्या कलमाने रुई मोकळी करणारे यंत्र जेथे चालू असेल त्या भागात स्त्रियांना व मुलांना कामास लावण्यास बंदी केली होती. मध्ये छतापर्यंत भिंत असेल तर यंत्रात कापूस घालण्याच्या बाजूस मुभा होती. ६६ व्या कलमाने स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर निर्बंध होता. नवी संहिता स्त्रियांना सर्व प्रकारच्या कामास पात्र मानते, रात्रपाळीस त्यांची संमती व सुरक्षेची व्यवस्था या अटी घालते, आणि धोक्याच्या कामांबाबत व्यवस्था करवून घेण्याचा अधिकार शासनाकडे राखते. म्हणजे ‘मनाई’ या एका शब्दाची जागा आता ‘संमती’ या शब्दाने घेतली आहे. जुना तक्ता भिंतीवर राहिला तर बाईला आपल्याला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क आहे हे कळत नाही. ती समजते की विचारण्याचा प्रश्नच नाही, किंवा मालक म्हणतो तसा कायदा बदलला आहे.

यावरून लेखनाचा एक नियम काढता येतो. फलकावर ‘सध्याचे दर’, ‘चालू अधिकारी’, ‘नवीन वेळा’ असे शब्द योजू नयेत. ‘सध्या’ हा दर्शक शब्द आहे. त्याचा अर्थ लिहिणाऱ्याच्या काळाने नव्हे, तर वाचणाऱ्याच्या काळाने ठरतो. २०१६ मध्ये लिहिलेले ‘सध्याचे’ आज वाचणाऱ्यास आजचेच वाटते. त्याऐवजी ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ असे लिहिले तर फलक जुना झाला हे त्याच्याच तोंडून कळते.

दारावर नियम टांगण्याची कल्पना आपल्याकडची नव्हे. इंग्लंडात १८०२ च्या कायद्याने गिरण्यांत त्याच्या प्रती लावण्यास सांगितले होते; १९१९ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम कराराने कामाच्या वेळा ठळक जागी लावण्याचे बंधन घातले, आणि भारताने तो करार १९२१ मध्ये मान्य केला. आपल्याकडची रीत दवंडीची होती. दवंडी सर्वांना एकाच वेळी, ऐकू येणाऱ्या भाषेत पोचते, पण मागे पुरावा ठेवत नाही. फलक पुरावा ठेवतो, पण वाचणारा गृहीत धरतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी मुकादमाने किंवा शिकलेल्या कामगाराने तक्ता मोठ्याने वाचून दाखवावा, लागेल तेथे गोरमाटीत वा दखनीत सांगावा, यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.

दार ही अटदेखील सर्वांना लागू पडत नाही. स्थायी आदेशांच्या कायद्याने या बाबतीत अधिक जाण दाखविली होती: बहुसंख्य कामगार ज्या दाराने आत येतात त्या दारापाशी, आणि प्रत्येक विभागात, फलक असावा असे त्यात म्हटले होते. ‘मुख्य प्रवेशद्वार’ बहुधा मालकाच्या मोटारीचे असते. आणि गंगाखेडच्या डोंगरभागातून उसाच्या फडावर जाणाऱ्यांना तर दारच नसते. त्यांचा हिशेब ‘कोयत्या’वर चालतो, नवराबायको मिळून एक कोयता, त्यावर एक उचल. माणशी वेतनाचा तक्ता त्यांच्यापुढे धरला तर त्यातील ‘प्रत्येक कामगारास’ हे शब्द त्या जोडीतील स्त्रीला आपल्याविषयी आहेत असे वाटेलच असे नाही.

वेतन संहितेच्या ५० व्या कलमाने सूचनाफलकावर काय असावे ते नेमके सांगितले आहे: संहितेचा गोषवारा, वर्गवार वेतनदर, वेतनाचा कालावधी, पगाराचा दिवस व वेळ, आणि निरीक्षक-नि-सुविधाकाराचे नाव व पत्ता. जागा ठळक असावी, हेही आहे. भाषेचा उल्लेख त्या कलमात नाही. सामाजिक सुरक्षा संहितेने प्रसूती लाभाच्या प्रकरणात ‘त्या स्थळाची भाषा किंवा भाषा’ हे १९६१ चे शब्द राखले आहेत, आणि स्त्रिया काम करतात त्या प्रत्येक भागात गोषवारा लावण्याचे बंधनही. परभणीत अशी स्थळाची भाषा एकच नाही, हे वर आलेच आहे. वेतनाच्या फलकाचा भाषाविचार आता नियम करणाऱ्यांकडे, आणि ते जेथे मौन पाळतील तेथे तक्ता छापून घेणाऱ्याकडे आला आहे; आणि तो छापखान्यात बहुधा गेल्या वेळचाच मजकूर घेऊन जातो.