समुद्रावरील पवन ऊर्जेची क्षेत्रे

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा पट्टा हा देशाचा प्रादेशिक समुद्र होय. त्यापुढे २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र असते. या जलक्षेत्रात पवनचक्क्या उभारण्याचा मार्ग केंद्र शासनाच्या २०१५ च्या राष्ट्रीय धोरणाने मोकळा केला. गुजरात व तामिळनाडू यांच्या किनाऱ्यांलगत प्राथमिक अभ्यासातून प्रत्येकी ८ क्षेत्रे निवडण्यात आली.

केवळ वारा भरपूर असून भागत नाही. पाण्याची खोली, तळाची माती, जहाजांचे मार्ग, तेल-वायूच्या नळवाहिन्या हे सारे वगळून जे उरेल तेच क्षेत्र उपयोगाचे. वारादेखील जागेवरच मोजावा लागतो. याकरिता २०१७ मध्ये खंबायतच्या आखातात, पिपावावच्या किनाऱ्यापासून सुमारे २३ किलोमीटरवर, लायडार यंत्र बसविण्यात आले. हवेतील सूक्ष्म कणांवर आदळून परतणाऱ्या लेसर किरणांवरून ते निरनिराळ्या उंचीवरील वाऱ्याचा वेग नोंदविते.

नकाशावर मोकळा दिसणारा समुद्र प्रत्यक्षात मोकळा नसतो. जवळच जाफराबाद हे बोंबिलाचे मोठे बंदर आहे. तेथील डोल जाळी भरती-ओहोटीच्या प्रवाहात एका जागी रोवून लावतात. जहाज वळविता येते; जाळ्याची जागा मात्र सहजी बदलता येत नाही. म्हणून मच्छीमारांशी विचारविनिमय क्षेत्र निश्चित होण्यापूर्वीच व्हावयास हवा, ठेका दिल्यानंतर नव्हे.

जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची साहाय्य योजना मंजूर केली. ती दोन्ही राज्यांपुढील समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी असून तीतील ६०० कोटी रुपये दोन बंदरांच्या सुधारणेकरिता आहेत.