खुंटा हलवून बळकट!

पियानो बेसूर झाला की आपण तारांना बोल लावतो. वास्तविक तारा बिचाऱ्या बहुधा निर्दोष असतात. खरा गुन्हेगार आत दडलेला असतो. तो म्हणजे लाकडाची एक फळी!

पियानोच्या पट्ट्या 88, पण बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असल्याने तारांची संख्या 230 च्या आसपास जाते. या साऱ्यांची ओढ एकत्र केली, तर ती 15 ते 20 टन भरते. 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने पहिला पियानो घडविला, तेव्हा ही ओढ पुष्कळच कमी होती. पुढे तारा जाड झाल्या. 1825 साली बोस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले आणि भार लोखंडावर गेला. सूर मात्र लाकडाच्याच स्वाधीन राहिला.

कारण तंबोऱ्याप्रमाणे पियानोलाही खुंट्या असतात. त्या पोलादी, जेमतेम सात मिलिमीटर जाडीच्या, आणि मेपल किंवा बीच या टणक लाकडाच्या फळीत ठोकलेल्या. त्यांना ना चाकी, ना कुलूप! भोकाची पकड हाच सारा आधार. पावसाळ्यात लाकूड फुगते. खुंटी जागची हलत नाही, म्हणून भोकाकडेचे तंतू चेंगरतात. हवा कोरडी होताच लाकूड आकसते आणि भोक सैल पडते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ शाबूत राहून पीळच जातो! आज लावलेला सूर आठवड्यात उतरतो.

मुंबई-गोव्याकडच्या दमट हवेत वाढलेल्या जुन्या पियानोंना हा विकार ठाऊक आहे. मग कोणीतरी ‘वाद्य संपले’ असा निकाल देतो आणि आजोबांच्या हौसेची वस्तू भंगाराच्या वाटेला लागते. हा निकाल पुष्कळदा घाईचा असतो.

पहिला उपाय म्हणजे भोकात पातळ सायनोॲक्रिलेट गोंद मुरविणे. दुसरा, किंचित जाड खुंटी. तेवढ्याने भागले नाही, तर लाकडी बूच. तार उतरवून खुंटी काढायची, भोक मोठे करून चेंगरलेले लाकूड काढून टाकायचे, टणक लाकडाचे बूच गोंद लावून बसवायचे आणि त्यात खुंटीहून अंमळ बारीक नवे भोक पाडायचे. सामता सावकाश चालवावा. घाईने लाकूड तापले, तर भोक गुळगुळीत होऊन पकड जाते.

खरी मेख मात्र बुचाच्या तंतूंत आहे. बाजारची गोल काठी तोडून ठोकली, तर तिचे तंतू खुंटीला समांतर राहतात. ते बाजूला सरतात आणि खुंटी पुन्हा फिरते. बूच फळीतून आडवे कापलेले किंवा मूळ फळीसारखे थरांचे हवे. मग तंतूंची कापलेली टोके खुंटीला रोखून धरतात.

अर्थात, भोकाभोकांतून तडा गेला असेल, तर बुचे व्यर्थ. फळीच बदलावी लागते. म्हणून कारागिराला दोनच प्रश्न विचारावेत: फळीला तडा आहे का? आणि बुचाचे तंतू कोणत्या दिशेचे? उत्तरे मिळाल्यावाचून वाद्य विकू नये. खुंटा हलवून बळकट करावा, हा शहाणपणा आपल्या भाषेत पूर्वीपासून आहेच!