लहान ठशातील खेडे : हरेन दास यांची काष्ठोत्कीर्णने

पुणे-सातारा रस्त्यावरील कामथडीपासून पश्चिमेस भोर-वेल्ह्याच्या डोंगरांकडे जाऊ लागले की कौलारू घरे, त्यांच्या पडव्या, पेंढ्याच्या गंजी आणि भातखाचरांचे बांध दिसू लागतात. हे दृश्य तळहाताएवढ्या कागदावर, केवळ काळ्या शाईने उमटवावयाचे, तर पावसाळी आभाळाचा उजेड कशाने दाखवावयाचा? चित्रकार तो रंगाच्या पातळ वा दाट लेपाने दाखवील. काष्ठोत्कीर्णनकाराला तो लाकडातून कोरून काढावा लागतो.

साध्या लाकडी ठशापेक्षा काष्ठोत्कीर्णन निराळे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. साध्या ठशाची फळी खोडाच्या लांबीच्या दिशेने कापलेली असते. तीवर सुरीने व पटाशीने काम होते, आणि जी रेषा हवी तिच्या भोवतालचे लाकूड काढून टाकले जाते. काष्ठोत्कीर्णनाचा ठोकळा मात्र खोडाच्या आडव्या छेदातून घेतात. बॉक्सवुड या संथ वाढणाऱ्या झाडाचे लाकूड इतके घट्ट असते की, त्याच्या गुळगुळीत केलेल्या आडव्या छेदावर ब्युरिन, म्हणजे धातूवर कोरण्याचे टोकदार हत्यार, कोणत्याही दिशेने सारख्याच सफाईने चालते. ठोकळा वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठेवून तोच हाताने फिरवितात. हत्याराने पडलेल्या चरात शाई जात नाही, म्हणून तो पांढरा उमटतो. न कोरलेला ठोकळा छापला तर काळा चौकोन मिळेल. तात्पर्य, येथे आरंभ अंधारापासून होतो आणि हत्याराचा प्रत्येक स्पर्श थोडा थोडा प्रकाश आत आणतो. चित्राचा लहान आकारही कलावंताच्या लहरीने ठरलेला नसतो. बॉक्सवुडचे खोडच बारीक असते, आणि मोठा ठोकळा हवा असल्यास तुकडे सांधावे लागतात.

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील टॉमस ब्यूइक (१७५३-१८२८) यांनी या पांढऱ्या रेषेची ताकद प्रथम पूर्णपणे ओळखली. ब्रिटिश पक्ष्यांवरील त्यांच्या ग्रंथाचे दोन खंड १७९७ व १८०४ मध्ये निघाले. त्यांतील पक्ष्यांइतकीच पानाअखेरीच्या रिकाम्या जागेत छापलेली कुंपणे, ओढे व वाटसरू यांची इवलीशी चित्रे वाचकांना प्रिय झाली. पुढे एकोणिसाव्या शतकात हा ठसा अक्षरखिळ्यांबरोबर एकाच यंत्रावर छापता येतो या सोयीमुळे त्याचा मोठा धंदा झाला, आणि कारागीर बहुधा दुसऱ्याचीच चित्रे कोरू लागले. छायाचित्रावरून हाफटोन ठसे बनू लागताच तो धंदा बसला. कला म्हणून काष्ठोत्कीर्णन पुन्हा उभे राहिले ते त्यानंतर.

भारतात या माध्यमातून खेडे सर्वाधिक निष्ठेने कोरले ते हरेन दास (१९२१-१९९३) यांनी. त्यांचा जन्म दिनाजपूरचा. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत ते रमेंद्रनाथ चक्रवर्ती यांच्या हाताखाली शिकले व पुढे तेथेच अध्यापक झाले. शाकारलेली झोपडी, तळ्याचा काठ, ताडाची झाडे, बैलगाडी, मासे धरणारे कोळी : विषय मोजकेच, आणि ते आयुष्यभर टिकले. १९४७ च्या फाळणीत दिनाजपूर शहर पूर्व पाकिस्तानात गेले, ही गोष्ट त्या चित्रांकडे पाहताना विसरता येत नाही.

याच चित्रांवर एक गंभीर आक्षेप घेता येतो. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये लक्षावधी माणसे मेली. झैनुल आबेदिन यांनी शाईने त्या भुकेची रेखाटने केली. चित्तप्रसाद यांच्या दुष्काळावरील पुस्तकाच्या प्रती सरकारने नष्ट केल्या. हेच चित्तप्रसाद १९४६ नंतर मुंबईत अंधेरीस राहून लिनोलियमचे ठसे कोरीत होते. अशा काळात शांत झोपड्या कोरणे म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे काय? ‘माध्यमच नाजूक, त्यास दुःख पेलत नाही’ हा बचाव टिकत नाही. सोमनाथ होर हे दासांच्याच वर्षी जन्मलेले आणि तरीही कलाशाळेत त्यांचे विद्यार्थी. त्यांनी तेभागा आंदोलनातील शेतकरी लाकडी ठशांतूनच उभे केले. तेव्हा शांतता ही दासांची निवड होती, आणि तिचा जाब त्यांच्याकडेच मागितला पाहिजे. आक्षेप अंशतः खरा आहे. परंतु ती चित्रे गोड आहेत, असे मात्र म्हणता येत नाही. त्यांतील माणसे बहुधा कामात वाकलेली असतात, आणि झाडाखालचा काळोख चित्राचा बराच भाग व्यापून राहतो. शोभेसाठी काढलेल्या खेड्यात एवढा काळोख कोणी ठेवीत नाही.

दासांची रेषा बंगालच्या छपराने घडविली, हेही अभ्यासकाने पाहावे. गवती छपराच्या उतारावरून लांब, किंचित वाकलेले चर ओढले की गवत उभे राहते. भोर-वेल्ह्याकडील हातघडणीच्या कौलांना ही रेषा उपयोगी पडणार नाही. तेथे प्रत्येक कौलाच्या पाठीवर एक आखूड, जाड होत जाणारा चर हवा, दोन ओळींमधील सावली न कोरता राखावयास हवी, आणि शेणामातीच्या भिंतीला बारीक ठिपक्यांचा पोत द्यावयास हवा. एकाच ओढीत अनेक समांतर रेषा काढणारे एक हत्यार जुन्या धंदेवाईक कारागिरांपाशी असे. आता पुष्कळ घरांवर आलेला पन्हळी पत्रा त्या हत्याराने काही मिनिटांत कोरून होईल. कौलांना मात्र ते लागू पडत नाही. ती एकेक करूनच कोरावी लागतात.