वजन कमी कर, मग राहील? : वजन, औषधं आणि मूल होणं

या आठवड्याचा भाग ज्यांना ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअरवाला माणूस आहे, डॉक्टर नाही. पण हा विषय आमच्या घरातच आला, म्हणून नीट वाचून काढला.

आमचं घर निलंग्याचं. चुलत भावाच्या लग्नाला तीन वर्षं झाली, लेकरू नाही. लग्न असो की हळदीकुंकू, वहिनीला बायकांचा एकच सल्ला, "वजन कमी कर गं, मग राहतंय बघ." वहिनीनं चार महिने एक वेळ जेवून काढले. वजन उतरलं, पण चक्कर यायला लागली आणि पाळी अजूनच लांबली. दादाचंही पोट सुटलेलं. त्याची मात्र तोपर्यंत एकही तपासणी झाली नव्हती.

तर पहिला प्रश्न, वजनाचा आणि मूल होण्याचा संबंध काय?

चरबी म्हणजे नुसता साठा नाही, ती हार्मोन्सच्या कारभारात हात घालते. पोटाची चरबी वाढली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग शरीर जास्त इन्सुलिन बनवतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन्स जास्त बनवायला लावतं. त्यामुळं अंडं पूर्ण पिकत नाही, बाहेर पडत नाही आणि पाळी लांबते. पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींच्या बाबतीत हेच चालू असतं.

उलटी बाजूही आहे. खाणं फार कमी झालं की मेंदूला कळतं, घरात धान्य नाही, आता पाहुणा नको. मग मेंदू अंडाशयाला जाणारा सिग्नलच कमी करतो. वहिनीची पाळी उपासानं का लांबली असेल, ते इथं कळतं.

आता पुरुषांचं. चरबीतलं एक एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. चरबी जास्त झाली की टेस्टोस्टेरॉन कमी पडतं आणि शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो. मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणासोबत. वीर्य तपासणी सोपी आहे, सुई नाही की ऑपरेशन नाही. तरी आपल्याकडं पहिली सोनोग्राफी बायकोचीच होते.

जिमवाल्या पोरांसाठी एक गोष्ट. बॉडी बनवायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली तर शरीर स्वतःचं काम थांबवतं आणि शुक्राणू पार शून्यावर येऊ शकतात. बंद केल्यावर परत यायलाही महिने लागतात.

"पण मी तर बारीक आहे," असं म्हणणाऱ्यांनी पुण्याची गोष्ट ऐका. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणजे भारतीय माणूस काट्यावर बारीक दिसला तरी आत चरबी असू शकते. म्हणून आपल्याकडं बीएमआय २३ पासूनच जास्त धरतात. कंबर बाईची ८० सेंटीमीटरच्या आणि पुरुषाची ९० च्या वर गेली तर लक्ष द्यायचं.

मग किती कमी करायचं? पीसीओएस असलेल्या, वजन जास्त असलेल्या बाईनं ५ ते १० टक्के वजन उतरवलं तरी अनेकदा पाळी रुळावर येते. ७० किलोला हे साडेतीन ते सात किलो होतात. रोजचं चालणं, दोन वेळची भाकरी-भाजी, वरण-उसळ, आणि निलंगा राईसची दुसरी प्लेट टाळणं. उपास नकोत.

पण वजन म्हणजे जादूची किल्ली नाही. नेदरलँड्समधला एक मोठा अभ्यास २०१६ साली आला. वजन जास्त असलेल्या बायकांच्या एका गटानं सहा महिने वजन उतरवलं आणि मग उपचार घेतले, दुसऱ्या गटानं थेट उपचार घेतले. पहिल्या गटात उपचाराशिवाय दिवस जाण्याचं प्रमाण वाढलं, पण निरोगी बाळंतपणं काही जास्त झाली नाहीत. त्यामुळं वय ३५ च्या पुढं असेल तर वजनासाठी वर्ष घालवू नका. वयाचं घड्याळ काट्यापेक्षा कडक आहे. ३५ च्या आत एक वर्ष, पुढं सहा महिने वाट बघून दोघांनी मिळून डॉक्टरकडं जावं.

आता इंजेक्शनांचं. सेमाग्लुटाइड आणि २०२५ मध्ये भारतात आलेलं टिर्झेपाटाइड भूक कमी करतात. वजन उतरलं की बंद पडलेली पाळी सुरू होऊ शकते आणि ध्यानीमनी नसताना दिवस जातात. त्यात टिर्झेपाटाइडमुळं गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो. म्हणून सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे कंडोमसारखा दुसरा उपाय वापरायला सांगतात. गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत. सेमाग्लुटाइड तर मूल हवं असेल त्याच्या किमान दोन महिने आधी बंद करायचं असतं. मेडिकलवरून परस्पर आणून टोचू नका.

वजनाचं ऑपरेशन, म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरी झाली असेल तर साधारण १२ ते १८ महिने मूल लांबवायला सांगतात. तेव्हा वजन झपाट्यानं उतरत असतं आणि लोह, बी१२ कमी पडू शकतं. त्या काळात नुसत्या गोळीवर भिस्त नको, कारण पोटातून ती नीट शोषली जाईलच असं नाही.

शेवटी आमच्या घरचं. मी दादाला म्हणालो, "आधी तुझा रिपोर्ट काढू." चार दिवस बोलला नाही माझ्याशी. मग लातूरला जाऊन आला. शुक्राणू कमी निघाले. आता उपचार दोघांचे चालू आहेत, चालायला दोघं जातात आणि वहिनी दोन वेळ जेवते. लेकरू अजून नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरात वहिनीला वजनावरून कुणी बोलत नाही.

हा भाग तुमच्या घरातल्या दादाला पाठवा. वहिनीनं असलं बरंच ऐकलंय. भेटू पुढच्या भागात!