गुरुजींच्या शिक्षणाचा खर्च कोणी करायचा?



आपल्यापैकी बहुतेकांची मुले-नातवंडे पहिली पाटी धरतात ती जिल्हा परिषदेच्या शाळेत. शाळेचे पत्रे गळतात, खोली कमी पडते, शिक्षकाची बदली होते, या गोष्टींची चर्चा गावात होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु नोकरीला लागलेला शिक्षक पुढे काय नवीन शिकतो आणि त्या शिकण्याचे पैसे कोण भरतो, हे फारसे कोणी विचारत नाही. उलट "गुरुजी पुन्हा ट्रेनिंगला गेले, शाळा बंद" एवढेच पारावर ऐकू येते. म्हणून हा हिशेब सभासदांपुढे मांडत आहोत.

शिकलेल्याने पुन्हा का शिकायचे?

को ७४० ही जात महाराष्ट्रात १९५६ साली आली. एक काळ तिने गाजवला. पुढे पाडेगावच्या संशोधन केंद्रातून १९९६ साली को ८६०३२ प्रसारित झाली आणि शेतकऱ्याने लावणीचे अंतर, खताची मात्रा, पाण्याची पाळी सगळे नव्याने शिकून घेतले. बेणे सुद्धा आपण तीन-चार वर्षांनी बदलतो. बाविसाव्या वर्षी डी.एड. होऊन लागलेला शिक्षक मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत त्याच शिदोरीवर शिकवील, असे आपण धरून चालतो.

एकच उदाहरण घ्या. राज्याने २००० साली मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. ज्या शिक्षकांनी स्वतः पाचवीत ए-बी-सी-डी गिरवली, त्यांनाच सहा वर्षांच्या मुलांशी इंग्रजीत बोलायचे होते. यात शिक्षकाचा दोष काय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आडात पाणी आणण्याची जबाबदारी ज्यांनी नवा विषय आणला त्यांची, आणि ज्यांची मुले शिकतात त्यांचीही.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) हे फार पूर्वीच सांगून ठेवले होते. प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांच्या नोकरीत दोन ते तीन महिने प्रशिक्षण मिळावे, अशी त्यांची शिफारस होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही वर्षाला किमान ५० तास सांगितले आहेत. म्हणजे गरज सगळ्यांना मान्य आहे. घोडे अडते ते पैशापाशी.

सरकारी तिजोरी काय देते?

१९८६ च्या धोरणानंतर, १९८७ पासून, केंद्राच्या पैशाने जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहू लागल्या. शिक्षक त्यांना 'डाएट' म्हणतात. आपल्या राज्यात त्यांच्या वर पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे. खाली १९९४ पासून दहाएक शाळांमागे एक केंद्रशाळा आणि तिचा केंद्रप्रमुख अशी रचना झाली. महिन्याला शिक्षण परिषद भरते ती या केंद्रावर.

२००१ साली सर्व शिक्षा अभियान आले. त्यात प्रत्येक शिक्षकाला वर्षातून २० दिवस प्रशिक्षण आणि दिवसाला ७० रुपये खर्च, असा दर ठरला होता. म्हणजे एका शिक्षकामागे वर्षाला १,४०० रुपये. त्यातच साहित्य, त्यातच चहापाणी, त्यातच तज्ज्ञांचे मानधन. २०१८ मध्ये ही योजना समग्र शिक्षा योजनेत मिळाली. आपल्यासारख्या राज्यासाठी केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० अशी वाटणी २०१५-१६ पासून आहे. २०१९ मध्ये 'निष्ठा' नावाचे देशव्यापी प्रशिक्षण निघाले आणि २०२० च्या साथीत ते मोबाईलवर गेले. मोबाईलवर खर्च वाचला हे खरे. पण वर्गात उभे राहून शिकवून दाखवणारा कोणी समोर नसला, तर पुष्कळदा प्रमाणपत्र हातात पडते आणि वर्ग होता तिथेच राहतो.

बिल एक नव्हे, तीन

प्रशिक्षणाचे बिल एकच असते असा समज आहे. खरे तर ती तीन असतात.

पहिले बिल तज्ज्ञांचे, साहित्याचे, जागेचे. हे सरकार भरते, कमी-जास्त का होईना.

दुसरे बिल शिक्षकाच्या खिशाचे. राज्यात १२ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ व निवड श्रेणी मिळण्यासाठी प्रशिक्षण पुरे करावे लागते. २०२१-२२ च्या फेरीत त्यासाठी प्रत्येक शिक्षकाकडून २,००० रुपये शुल्क घेतले गेले. नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठाचे बी.एड. करायचे, तर फी स्वतःची. एस.टी.चे भाडे, मोबाईलचा रिचार्ज, संदर्भाची पुस्तके हेही पुष्कळदा पदरचेच. "त्यांना पगार काय कमी आहे?" असे कोणी म्हणेल. पगार शिकवण्याचा आहे. कारखान्याच्या केमिस्टला नवे यंत्र शिकायला पाठवले, तर त्याचा खर्च आपण त्याच्या पगारातून कापत नाही.

तिसरे बिल कोणाच्या वहीत लिहिलेच जात नाही. ते मुले भरतात. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. त्यातला एक प्रशिक्षणाला गेला की चार वर्ग एकट्यावर येतात. दुसरा रजेवर असला की शाळेला कुलूप. दहा दिवसांचे प्रशिक्षण म्हणजे मुलांचे दहा दिवस गेले. मोठ्या शाळेत हे निभावते. वाडीवस्तीवरच्या दोन-शिक्षकी शाळेत निभावत नाही, आणि आपल्या सभासदांच्या वस्त्या मळ्यातच आहेत. हंगामात ऊसतोड मजुरांची मुले अशाच शाळांत मध्येच दाखल होतात, तेव्हा तर ताण दुप्पट होतो. म्हणून प्रशिक्षण नको असे नव्हे. ते देताना वर्गावर दुसरे माणूस उभे करण्याचा खर्च प्रशिक्षणाच्याच खर्चात धरला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आपण आधीच भरतो आहोत

शाळेचा खर्च सरकार करते म्हणजे आभाळातून करते असे नाही. १९६२ च्या शिक्षण उपकर कायद्याने आपल्या राज्यात व्यापारी पिकांच्या जमिनीवर विशेष आकारणी बसवली. त्यात बागायती ऊस आला. तलाठ्याच्या पावतीवर 'शिक्षण कर' वाचला असेल, तो हाच. २००४ पासून केंद्राने आपल्या करांवर २ टक्के शिक्षण उपकर लावला आणि त्याचे पैसे प्राथमिक शिक्षणासाठी वेगळ्या कोषात ठेवले. २०१८ पासून आयकरावर आरोग्य व शिक्षण मिळून ४ टक्के उपकर आहे. तेव्हा ऊसवाला शिक्षणाच्या खर्चात पाहुणा नाही, भागीदार आहे. भागीदाराने हिशेब विचारला तर त्यात वावगे काहीच नाही.

कारखान्याला काही करता येईल काय?

येईल, आणि कायद्यात राहून येईल. सहकारी संस्था कायद्याप्रमाणे प्रत्येक संस्था सहकार शिक्षण निधीला वर्गणी देते. सभासद आणि सेवक शिकले तरच सहकार टिकतो, हे तत्त्व त्यामागे आहे. कलम ६९ प्रमाणे राखीव निधी व शिक्षण निधीची तरतूद केल्यावर निव्वळ नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम मान्यता घेऊन सार्वजनिक कामास देता येते. मांजरीची व्हीएसआय संस्था तरी कशी उभी राहिली? १९७५ साली कारखान्यांनी एकत्र येऊन ती काढली आणि गाळपाच्या टनामागे वर्गणी देऊन चालवली. आज आपला शेतकरी तिथे ऊसशेती शिकून येतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली साताऱ्यात शिक्षक घडवणारे ट्रेनिंग कॉलेज काढले, तेही रयतेच्याच बळावर. शाळा काढायची तर आधी मास्तर घडवला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

आकड्याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब मांडतो. समजा गाळप ५ लाख टन आणि नफ्यातून टनामागे ५० पैसे एवढी रक्कम काढली, तर अडीच लाख रुपये होतात. कार्यक्षेत्रात १५० शिक्षक धरले तर माणशी सुमारे १,६६६ रुपये. यात प्रशिक्षणाच्या दिवसांत वर्गावर शिकलेला स्थानिक तरुण किंवा तरुणी ठेवून मानधन देता येईल. अर्थात त्यासाठी शिक्षण विभागाची परवानगी हवी. प्रवासखर्च आणि पुस्तके हेही त्यात बसेल. पण उसाच्या बिलातून परस्पर कपात नको. जे करायचे ते नफ्यातून, वार्षिक सभेत ठराव करून, आणि दरवर्षी अहवालात जमाखर्च छापून. नफा नसेल त्या वर्षी हात आखडावा लागेल, हेही आधीच सांगून ठेवलेले बरे.

सरकारचे काम कारखान्याने अंगावर घ्यावे असे आम्ही सुचवत नाही. पहिले बिल सरकारचेच आहे आणि ते पुरते भरायला लावलेच पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या बिलाला आपण हातभार लावला, तर सरकारला जाब विचारायला आपले तोंड मोकळे राहील.

सभासदांनी काय करावे?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा ती समितीच करते. तिच्या पुढच्या बैठकीला जा आणि तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी आपले शिक्षक किती दिवस आणि कशाच्या प्रशिक्षणाला गेले? त्या दिवसांत वर्ग कोणी घेतला? शिकून आलेली कोणती गोष्ट वर्गात सुरू झाली? उत्तरे मिळाली की ती कारखान्याच्या गट कार्यालयात लेखी द्या. गावोगावचा असा तक्ता हाती आला, तर वार्षिक सभेत बोलायला आधार राहील. आणि गुरुजी प्रशिक्षणाहून परत आले की "शाळा का बंद होती?" याच्या आधी "काय नवीन शिकून आलात?" असे विचारा. आपल्याला कोणीतरी विचारते आहे, हे कळले की माणूस मनापासून शिकतो.