संकल्प एकट्याचा नको, घराचा हवा

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बागा आणि व्यायामशाळा गजबजतात. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईपर्यंत त्यातली बरीच गर्दी ओसरलेली असते. संकल्प करणाऱ्यांची इच्छा खोटी नसते. पण संकल्प एकट्याचा असतो आणि घराच्या सवयी जुन्याच राहतात.

पाच जणांचे एक नेहमीचे घर डोळ्यांसमोर आणू. बावन्न वर्षांच्या वडिलांना दहा किलो वजन उतरवायचे आहे. आई साखर सोडणार, मुलगी पहाटे धावणार, मुलगा मोबाइल कमी करणार. पंचाहत्तरीच्या आजीला कोणी काही विचारत नाही. आणि एक गोष्ट कोणाच्याच यादीत नाही : वडिलांनी दिवाळीपासून रक्तदाबाची गोळी बंद केली आहे. कारण काय, तर ‘आता बीपी नॉर्मल आहे.’

ते नॉर्मल होते गोळीमुळे. गोळी थांबली की रक्तदाब सहसा पुन्हा चढतो आणि बहुतेकांना ते जाणवतही नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडांवर मात्र ताण पडत राहतो. कित्येकदा पक्षाघाताचा झटका हेच पहिले लक्षण ठरते. म्हणून या घराचा पहिला संकल्प गोळीचा : डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करायची नाही. रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू टाळावी, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही आकडा १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असेल, तर उपचार पुढे ढकलू नयेत.

दुसरा संकल्प स्वयंपाकघराचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा मीठ खावे. पाच जणांचे झाले २५ ग्रॅम. म्हणजे एक किलोची पिशवी किमान ४० दिवस पुरायला हवी; लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ धरले तर आणखी जास्त. पिशवी फोडताना तिच्यावर तारीख लिहावी, हिशेब आपोआप कळतो. ताटात डावीकडे वाढायचे मीठ आधी बंद करावे. सैंधव मिठातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, त्यामुळे ते वापरले म्हणून सूट मिळत नाही.

तिसरा संकल्प न्हाणीघराचा आणि तो आजीसाठी. ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, की चालते-फिरते माणूस अंथरुणाला खिळते. भिंतीला आधाराचा दांडा, न घसरणारी चटई आणि वाटेत रात्रभर जळणारा छोटा दिवा एवढे पुरेसे आहे. गॅस गिझर बंद न्हाणीघरात असेल, तर तो बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्यावा. थंडीत खिडक्या बंद असताना साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. हाक मारण्याआधीच माणूस बेशुद्ध पडते.

आई साखर सोडते आहे, हे चांगलेच. पण रक्तातली साखर शेवटची कधी तपासली, हे तिला आठवत नाही. ३० वर्षांवरील व्यक्तींसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत रक्तदाब आणि मधुमेहाची, तसेच तोंडाच्या, स्तनांच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी मोफत असते. तिची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आजच लिहून टाकावी.

वजन आणि धावणे यांना वर्ष पडले आहे. न्हाणीघरातला दांडा एका दुपारी बसतो. वडिलांची दवाखान्याची खेप मात्र उद्याच व्हायला हवी.